सुडाचे दोन थेंब

६ जानेवारी, सोमवार. सकाळी सव्वानऊ.

आजपासून वही. पान फाडायचं नाही. खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ. काय केलं, किती केलं, काय झालं ते तारखेसकट लिहायचं. हे नियम लॅबचे आहेत. इथल्या प्रत्येक शहाण्याकडे अशी काळ्या पुठ्ठ्याची वही असते, पानांवर छापील नंबर. एक कपाटात जादा पडली होती, मी घेतली. अठरा वर्षं यांच्या बाटल्या धुते, एका वहीवर माझा हक्क आहे. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर बगळ्यापेक्षा बरं.

बगळा म्हणजे आमचा पोस्टडॉक. पोस्टडॉक म्हणजे डॉक्टर होऊनही ज्याला कायमची नोकरी लागलेली नाही असा, हे मला हेडक्लार्कने सांगितलं. ताप बघता येत नाही, इंजेक्शन देता येत नाही. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. उंच, मान पुढे काढलेली, दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून एका पायावर उभा. काम काय, तर पोट बिघडवणारा एक जंतू आहे, त्याच्या अंगाला एक भोक असतं, त्यातून तो विष सोडतो. त्या भोकाचा आकार काढायचा. भोकाला आकार काय असणार. गोल.

पण नाही. त्या भोकाचं म्हणे प्रथिन असतं, आणि प्रथिनाचा आधी खडा व्हावा लागतो, मिठाचा होतो तसा. मग त्या खड्यावर एक्स-रे मारायचा. खडा झाला तर आकार, आकार कळला तर त्याला बूच मारणारं औषध. सात महिने झाले. खडा नाही.

आणि आज मीटिंगमध्ये, मी दाराशी ट्रॉली घेऊन उभी असताना, हा मोठ्या मॅडमना, म्हणजे लॅबच्या प्रमुखांना, म्हणतो, कदाचित बाटल्यांना साबण राहत असेल.

माझ्या बाटल्यांना.

सूड घेणार. पहिलं पान संपलं.

७ जानेवारी, मंगळवार.

हेडक्लार्कने बोलावलं. म्हणाला, मावशी, तक्रार अशी नाही, पण कानावर आलंय. मी म्हटलं, मी कुणाची मावशी नाही, माझ्या बहिणीला मुलं नाहीत. तो म्हणाला, बरं बाई, पुन्हा कानावर आलं तर तुमची बदली धुलाईघरात करावी लागेल.

धुलाईघर म्हणजे अंगणापलीकडची ती लांब पत्र्याची खोली, जिथे हॉस्टेलच्या चादरी आणि लॅबचे कोट धुतात. तिथली प्रमुख कोण, तर माझी थोरली जाऊ.

लिहून ठेवते, कारण वहीत पार्श्वभूमी लिहायची असते. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आले, तिसऱ्या दिवशी मी पातेलं घासलं. थोरलीने ते उजेडात धरलं, एकदा फिरवलं, माझ्या हातात परत दिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, परत घास. बस्स, दोन शब्द. तेव्हापासून माझ्या हातून गेलेली वस्तू कुणी परत घासलेली नाही. तीन वेळा नळाचं पाणी, चार वेळा डिस्टिल्ड वॉटर, मग ओव्हनमध्ये उलटी. सात म्हणजे सात.

आणि हा म्हणतो साबण.

थोरलीच्या हाताखाली मी जाणार नाही. मेले तरी जाणार नाही. बगळ्याचं कॉन्ट्रॅक्ट एकतीस मार्चला संपतंय. ते वाढू द्यायचं नाही, एवढंच करायचंय. सोपं आहे.

१३ जानेवारी, सोमवार.

उपाय पहिला: बोलणं बंद. आठवडा झाला, त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. गुड मॉर्निंगला भिंतीकडे बघते. आतून खचला असणार.

दुपारी कळलं, तो मोठ्या मॅडमना म्हणाला की हल्ली लॅबमध्ये छान शांतता असते, कामात लक्ष लागतं. मोठ्या मॅडम हो म्हणाल्या आणि कसल्याशा कागदावर सही करत राहिल्या. ही बाई सही करताना जीभ बाहेर काढते, पाचवीतल्या पोरीसारखी. एवढ्या शिकलेल्या बाईला कुणी सांगत कसं नाही.

उपाय पहिला बंद. त्याचा फायदा त्यालाच होत होता.

१६ जानेवारी, गुरुवार.

उपाय दुसरा: त्याच्या बाटल्या सगळ्यांच्या शेवटी धुवायच्या. निळी टेप म्हणजे त्याची. काल निळ्या टेपच्या चौदा बाटल्या तशाच ठेवल्या. नाक दाबलं की तोंड उघडतं.

आज आठ वाजता येऊन बघते तर बगळा माझ्या मोरीवर. माझ्या ब्रशने. स्वतः धुतोय. धुतोय म्हणजे नळाखाली धरतोय आणि हलवतोय, जशी काही बाटलीला आंघोळ. म्हणाला, तुम्हाला काम जास्त झालंय असं दिसलं, म्हटलं आपलं आपण करावं. बुडाला हात नाही, गळ्याला हात नाही. पाच मिनिटं बघितलं. मग ब्रश हिसकावला आणि चौदाच्या चौदा धुतल्या.

याला माघार म्हणत नाहीत. ब्रश माझा होता.

२३ जानेवारी, गुरुवार.

उपाय तिसरा. आमच्याकडे खड्यांची खोली आहे. आत प्लास्टिकच्या छोट्या ताटल्या, ताटलीत खळगे, खळग्यात प्रथिनाचे थेंब. अठरा डिग्री, वर नाही, खाली नाही. दारावर कागद: दार हळू लावा, हादरा बसू देऊ नका. म्हणजे दार जोरात लावलं की याचं काम संपलं. त्यांनीच लिहून ठेवलंय, माझा काय दोष.

सोमवारपासून रोज अकराला आपटते. काल जरा अंगात आलं. वरची बिजागरी निघाली आणि दार माझ्या डाव्या पायावर. अंगठा काळानिळा.

आज नवीन दार बसलं. आपोआप हळू बंद होणारं, आवाज नाही, हादरा नाही. बगळा सात महिने हे दार मागत होता म्हणे, ऑफिस मंजूर करत नव्हतं. मला बसायला स्टूल दिलं, अंगठ्याला बर्फ दिला, आणि म्हणाला, तुमच्यामुळे काम झालं.

दात-ओठ खाल्ले. बर्फ ठेवून घेतला.

२९ जानेवारी, बुधवार.

घरचे, म्हणजे माझे यजमान, थोरलीकडून साबणाचा कॅन घेऊन आले. पुन्हा. दर दोन महिन्यांनी आणतात. हा साबण थोरली स्वतः करते, धुलाईघराच्या मागे मोठ्या पिंपात. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातलं उरलेलं तेल आणि आणखी काय काय. पिवळा, घट्ट. काय घालते ते सांगत नाही. घरचे म्हणतात, वहिनीच्या साबणाला तोड नाही. तोड नाहीच. एकदा लागला की निघत नाही. ताटाला लावला तर ताट चार दिवस हातातून निसटतं. मी तो संडासाच्या फरशीशिवाय कुठे वापरत नाही.

कॅन घरातल्या मोरीखाली सरकवला आणि तिथेच उकिडवी बसून राहिले.

बाटल्यांना साबण राहतो म्हणालास ना. राहील.

काट्याने काटा काढायचा. बगळ्याचा काटा, थोरलीचा काटा. दोघांचं एकदमच होऊन जाईल. एवढी बुद्धी असून मी चौथीत का थांबले कळत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार.

साबण औषधाच्या रिकाम्या बाटलीतून लॅबमध्ये आणला. ड्रॉपर पण आहे. निळ्या टेपची बाटली क्रमांक सहा घेतली. नीट धुतली, वाळवली, दोन थेंब टाकले, फिरवले.

आणि हाताने लगेच परत धुऊन टाकली. सात वेळा. मी ठरवलं नव्हतं, हातच गेला.

५ फेब्रुवारी, बुधवार.

परत टाकले. परत धुतली. उजवा हात ऐकत नाही. अठरा वर्षांची सवय हाडात गेलीय. मोठ्या मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, एकच बाटली दहा मिनिटं धुताय, कमाल आहे तुमची.

१० फेब्रुवारी, सोमवार. अकरा वाजून वीस मिनिटं.

झालं.

निळी टेप, बाटली क्रमांक सहा, अर्ध्या लिटरची. दोन थेंब. टाकले, फिरवले, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. साठपर्यंत मोजलं. परत आले, बाटली ओव्हनमध्ये उलटी ठेवली. वाळल्यावर त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. तो थँक यू म्हणाला. आता म्हण किती म्हणायचं ते.

डबा खाल्ला नाही. भूक नव्हती. अपराधीपणाने नव्हे, ॲसिडिटी आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

त्या बाटलीत त्याने द्रावण बनवलं, ताटल्या लावल्या, खड्यांच्या खोलीत ठेवल्या. आता दोन-तीन आठवडे वाट बघायची असते. मी पण बघतेय. तो काचेतून बघतो, मी त्याच्याकडे बघते. त्याचा चेहरा पडेल तेव्हा मी तिथे हवी, म्हणून त्या बाजूची फरशी रोज दोनदा पुसते.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, बाई, हल्ली लॅब कशी चकचकीत ठेवलीय तुम्ही. चकचकीतच राहणार. तुझा पोस्टडॉक गेल्यावर पण.

३ मार्च, सोमवार. दुपारी.

सकाळी दहाला खड्यांच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज आला. मी फडकं टाकून धावले. मनात म्हटलं, आली घटका.

खडा आला होता.

एक नाही, चार. सगळी लॅब जमली. हेडक्लार्कसुद्धा आला, त्याला काय कळतं. बगळ्याने मला पुढे घेतलं, मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. थेंबाच्या मधोमध फुटक्या काचेसारखे तुकडे, पण कडा अशा सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. फिरवलं की निळे होतात, मग पिवळे. चांगले दिसत होते, खोटं का बोलू. अठरा वर्षांत मला कुणी इथे डोळा लावू दिला नव्हता.

मग तो सगळ्यांसमोर म्हणाला, हे बाईंमुळे झालं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते कळलं. पण तो पुढे म्हणाला, जानेवारीत मी बाटल्यांवर शंका घेतली, ती मी घ्यायला नको होती. त्यानंतर बाईंनी एकेक बाटली दहा-दहा मिनिटं धुतली, आम्ही डोळ्यांनी बघितलं. मी त्यांची माफी मागतो. आणि मागितली. केकचा खोका दिला. माझ्या मोरीच्या दारावर स्वतःच्या हाताने कागद लावला: इथे जगातल्या सर्वांत स्वच्छ बाटल्या धुतल्या जातात.

अठरा वर्षांत एक बाटली घाण दिली. तिच्याबद्दल केक.

सूड घ्यायला गेले आणि माफी गळ्यात पडली. ती ठेवू कुठे. केक घरी नेला. घरच्यांनी अर्धा वहिनीला नेऊन दिला.

१४ मार्च, शुक्रवार.

देव आहे. बगळ्याने खडे दूरच्या त्या मोठ्या एक्स-रे मशीनवर नेले होते. काल परत आला. म्हणाला, एक्स-रेचे ठिपके सुंदर आले, पण अर्धं मोजून व्हायच्या आत खडे मशीनमध्ये जळून गेले. आणखी दहा-बारा खडे लागतील. ते द्रावण संपलं, नवीन केलंय, परत लावतोय.

नवीन द्रावण कशात केलं, तर माझ्या स्वच्छ बाटलीत. माझा हात आता ताळ्यावर आलाय. आता तर मी नऊ वेळा धुते.

म्हणजे मला काही करायचंच नाही. फक्त माझं काम चोख करायचं, की हा गेला. असा सूड कुणी घेतला नसेल. वर पगार पण चालू.

२१ मार्च, शुक्रवार.

खडा नाही. दहा दिवस राहिले.

त्याची तऱ्हा बघण्यासारखी झालीय. तीन मार्चला घातलेला शर्ट रोज घालून येतो. त्या आठवड्यातल्या हवामानाचा कागद काढून भिंतीला लावलाय. काल ऑफिसात जाऊन विचारून आला की फेब्रुवारीनंतर नव्या दारात काही बदल केला का. डबा तसाच परत नेतो. गाल आत गेलेत. बगळा होताच, आता बगळ्याचं पीस झालाय.

मीटिंगमध्ये मोठ्या मॅडमनी विचारलं, त्या वेळी वेगळं काय केलं होतं. त्याने त्याच्या वहीतून सगळं वाचून दाखवलं. वेगळं काहीच नाही. एकाने हळूच विचारलं, खडे नक्की प्रथिनाचेच होते ना, की मिठाचे. कुणी हसलं नाही, पण हसल्यासारखं झालं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, एकतीसपर्यंत परत आले नाहीत तर कॉन्ट्रॅक्ट वाढवण्याचं समर्थन मी करू शकणार नाही.

नंतर तो माझ्या मोरीवर आला. म्हणाला, बाई, फेब्रुवारीत तुम्ही काही वेगळं केलं होतं का. आठवून बघा. मी म्हटलं, अठरा वर्षांत मी काही वेगळं केलेलं नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं, तारीख टाकली.

माझं खोटं त्याच्या वहीत, माझं खरं माझ्या. मजेत आहे मी. डबा आज पण राहिला. ॲसिडिटी.

२७ मार्च, गुरुवार.

हेडक्लार्कने बोलावलं. मला वाटलं, अठरा वर्षांबद्दल काही असेल.

म्हणाला, पोस्टडॉक गेला की ते भोकाचं प्रोजेक्ट बंद. प्रोजेक्ट बंद म्हणजे या मजल्यावर बाटल्या धुवायला वेगळं माणूस ठेवता येणार नाही. एक एप्रिलपासून तुम्ही धुलाईघरात. मी म्हटलं, तक्रार तर नाही ना आली, उलट दारावर कागद लागलाय. तो म्हणाला, तक्रारीचा प्रश्न नाही, जागेचा आहे. तुमच्या जाऊबाईंना सांगून ठेवलंय, त्यांनी तुमच्यासाठी स्टूल काढून ठेवलंय.

घरी आले तर घरच्यांना आधीच माहीत. खुशीत होते. म्हणाले, बरं झालं, वहिनीच्या हाताखाली म्हणजे घरचंच माणूस.

म्हणजे बगळ्याच्या पायावर धोंडा मारायला गेले, तर त्या धोंड्याखाली माझाच पाय.

विचार केला. मी घाबरून निर्णय घेणाऱ्यातली नाही.

निर्णय: बगळ्याला सांगायचं. पण दया म्हणून नाही. हा माझा शेवटचा वार. ज्या खड्याने त्याचं नाव होणार तो खडा त्याचा नाहीच, माझा आहे, हे त्याला कळलंच पाहिजे. जन्मभर खात राहील त्याला. यापेक्षा मोठा सूड असूच शकत नाही. इतके दिवस मला हे सुचलं कसं नाही.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळपासून चारपर्यंत.

सांगितलं.

तो मायक्रोस्कोपपाशी होता. मी म्हटलं, तुझ्या बाटलीत मी साबण टाकला होता. मुद्दाम. सूड म्हणून. मला वाटलं ओरडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, रात्रभर घोकलेली. तो खाली फरशीवर बसला. मग वर बघून म्हणाला, किती.

मी म्हटलं, किती काय. म्हणाला, किती थेंब. मी म्हटलं, दोन. कोणता साबण. म्हटलं, आमच्या थोरलीचा. कोणत्या बाटलीत. सहा नंबर. तारीख. म्हटलं, दहा फेब्रुवारी, अकरा वीस. तो म्हणाला, इतकं नक्की कसं आठवतंय. मी म्हटलं, आठवायचं कशाला, सगळं लिहिलंय वहीत. मी काय अडाणी आहे?

जीभ चावली तोवर तो उठून मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये पोचला होता.

मोठ्या मॅडमनी आधी मला विचारलं, का केलंत. मी म्हटलं, साबण राहतो म्हणाला म्हणून साबण ठेवला. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या, खांदे हलत होते. मग बगळ्याने समजावलं. हे भोकाचं प्रथिन म्हणे जंतूच्या तेलकट सालीत राहतं, त्यामुळे त्याला साबणासारखं काहीतरी लागतंच. हे लोक परदेशी साबण घालत होते, पण तो त्याला मानवत नव्हता. मानवला थोरलीचा. म्हणजे सात महिने खडा येत नव्हता तो बाटल्या घाण होत्या म्हणून नव्हे. फार स्वच्छ होत्या म्हणून.

हे वाक्य मी मोठ्या मॅडमना दोनदा म्हणायला लावलं.

मग त्या म्हणाल्या, वही आणा. मी म्हटलं, खासगी आहे. त्या म्हणाल्या, पानांवर नंबर आहेत, संस्थेची वही आहे. मी म्हटलं, एकच पान दाखवते, आणि वरचा भाग हाताने झाकला. त्या म्हणाल्या, हात काढा, प्रयोगाची पूर्ण नोंद लागते, पहिल्या दिवसापासून.

पहिल्या दिवसापासून.

दोघांनी उभ्या उभ्या वाचलं. मी मोरीवरचा ब्रश घेऊन घासत बसले, काय घासत होते आठवत नाही. बगळा मध्येच एकदा माझ्याकडे बघायला बाहेर आला, मान आत ओढून, ताठ, दोन्ही पायांवर उभा. परत आत गेला. मग सगळ्या पानांची झेरॉक्स काढली.

आणि नियमच आहे, दुसऱ्या कुणी नोंद वाचली की प्रत्येक पानाखाली शिक्का मारतात, वाचले आणि समजले, आणि सही करतात. मोठ्या मॅडमनी प्रत्येक पानाखाली सही केली. तोंड घट्ट मिटून.

३१ मार्च, सोमवार.

बगळ्याला दोन महिने वाढवून दिले. मोरी तोवर चालू. हे सगळं माझ्या शेवटच्या वारामुळे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. हेडक्लार्कने मला लेखी ताकीद दिली आहे: बाटल्यांत परवानगीशिवाय काही टाकू नये. सही करून घेतली.

२१ एप्रिल, सोमवार.

खडे आले. एकोणीस. दोन थेंबांवर, बरोबर दोनच. एकावर येत नाही, तीनवर विरघळतात. म्हणजे माझा हात किती नेमका होता बघा, पण हे मीच मला सांगतेय.

दुपारी थोरलीला लॅबमध्ये बोलावलं, साबणात काय आहे विचारायला. तिला खुर्ची दिली. पाठीची खुर्ची, मोठ्या मॅडमच्या समोर. मला अठरा वर्षांत स्टूल मिळालं ते पण अंगठा ठेचल्यावर. कॉफी दिली, माझ्या घासलेल्या कपात. मोठ्या मॅडमनी विचारलं, त्यात नक्की काय असतं. थोरली म्हणाली, घरातली गोष्ट आहे, बाहेर सांगत नाही. त्या म्हणाल्या, विज्ञानासाठी. ती म्हणाली, विज्ञानाला हवा तेवढा देते, पण सांगणार नाही. आणि कॉफी पीत बसली. मी दारात ट्रॉली धरून उभी.

ठरलं असं. दर सोमवारी धुलाईघरातून ताजा साबण आणायचा, शिळा चालत नाही. थोरली स्वतः मोजून देणार. आणायला कोण, ते विचारायची गरज नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

घरचे म्हणाले, बघ, म्हणून मी म्हणत होतो की वहिनीच्या साबणाला तोड नाही.

ठराव: थोरलीचा सूड. सावकाश घ्यायचा. या वेळी लिहून ठेवायचं नाही.

२३ जून, सोमवार.

भोकाचा आकार निघाला. गोल नाही, सात पाकळ्यांचं आहे. सात. माझ्या सात वेळा धुण्याशी काही संबंध आहे का विचारलं. नाही म्हणाले.

बगळ्याला तीन वर्षं मिळाली. मोरी राहिली, मी राहिले, धुलाईघरात काही गेले नाही. म्हणजे मी जिंकले. लेख छापून आला. बगळ्याने स्वतः माझ्या मोरीवर आणून ठेवला. म्हणाला, तुमचा उल्लेख आहे आत. मी हात तीनदा पुसले आणि हेडक्लार्ककडे वाचून घ्यायला नेला.

शेवटी आभार होते. धुलाईघराच्या प्रमुखांचे, साबणाबद्दल. मी म्हटलं, माझं. हेडक्लार्क म्हणाला, थांबा, आहे, प्रयोगाच्या कृतीत आहे. बोट ठेवून त्याने मराठीत सांगितलं: द्रावण नीट न धुतलेल्या बाटलीत तयार केले.

मी म्हटलं, परत वाचा. त्याने परत वाचलं. म्हणाला, जगभर वाचतील हो हे, कायमचं राहतं.

सोमवार होता, म्हणून तशीच धुलाईघरात गेले साबण आणायला. थोरलीच्या टेबलावर काचेखाली तो लेख. हेडक्लार्कने तिला सकाळीच वाचून दाखवला होता, आभार आणि कृती दोन्ही. मी साबणासाठी आणलेली बाटली पुढे केली. नऊ वेळा धुतलेली. तिने ती उजेडात धरली. एकदा फिरवली. माझ्या हातात परत दिली.

म्हणाली, परत घास.

घासली.